तोकिएच्या तोंडातली तार

चाळीस वर्षं मी चमच्यांना झिलई केली,
त्सुबामेत, फिरत्या चाकाशी ओणवा.
धातू मला डोळ्यांआधी बोटांना कळतो.
म्हणून तोकिए म्हणाली, "हिरडीतून तार निघतेय, बघ ना,"
तेव्हा मी हात धुतले
आणि बोट घातलं तिच्या तोंडात.

ओली, उबदार हिरडी. बाकी काही नाही.
"काही नाही," मी म्हणालो.
इतकी एकटी मी तिला कधी पाहिली नव्हती,
माझं बोट अजून तिच्या दातांत असताना.

मग ती तारा काढून ठेवू लागली,
कागदी रुमालात गुंडाळून, वर तारीख घालून.
चहाच्या डब्यात सत्तर पुड्या.
दंतवैद्याने तिच्या हट्टाखातर
दोन धडधाकट दाढा उपटल्या;
तार शेजारच्या दाढेत राहायला गेली.

नीगाताच्या इस्पितळात तिच्या दंडात सुई,
डोकं यंत्रात. दिवे मंद. बोलायचं नाही.
डॉक्टर होन्मांनी पडदा माझ्याकडे वळवला :
तांबडं, पिवळं, आणि कानशिलामागे
निळं, जानेवारीतल्या समुद्राचं.
"इथे रक्त कमी पोचतंय.
हे कारण की परिणाम, मला सांगता यायचं नाही."
आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं.
तिच्या शब्दावर नाही बसला तो विश्वास
एका रंगीत चित्रावर बसला.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रात्री अर्धी गोळी, मग एक.
तिसऱ्या आठवड्यात : "बारीक झालीय."
छपरावरचं बर्फ घसरू लागलं तेव्हा :
"आहे. पण ओढत नाही."
कोण ओढायचं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या चित्रात निळं विरलेलं,
नखाएवढं उरलेलं. होन्मा खूश.
तोकिए बराच वेळ बघत राहिली.
"यात तार दिसत नाही."
"नाही."
"मग यांनी ती काढली कुठून?"

काल तिने लाकडी चमचा बाजूला सारून
माझ्या हातचा एक उचलला.
तोंडात धरला. थांबली. गिळलं.
"गार आहे," एवढंच.
मी माझ्याच हिरडीवरून जीभ फिरवून घेतली, चोरून.

चहाचा डबा फडताळातच आहे.
कचऱ्याचा वार आला की दोघंही विसरतो.
इथे कागद एका पिशवीत टाकायचा असतो,
धातू दुसऱ्या.