बर्फाच्या पावतीमागची यादी

पहाटे साडेचारला ससून डॉकवर लिलाव सुरू,
वरच्या मजल्यावर मी,
आणि स्क्रीनवर तिसऱ्यांदा तीच ओळ:
असं मॉड्यूल नाही.
अरे, नाही कसं? आत्ता बसवलं,
पिप स्वतः म्हणाला, झालं,
पट्टी शेवटपर्यंत भरून दाखवली.

मेल्विन डाबरे वजनांची वही घेऊन आला.
म्हणाला, परत बसव.
परत बसवलं.
पिप म्हणतो, आधीच आहे.
पायथन म्हणतो, कुठाय?
एका छपराखाली दोघं, बोलणं बंद,
निरोप न्यायला मी.

शेवटी मशीनलाच विचारलं, पायथन किती तुझ्यात?
दोन निघाले.
एक सिस्टीमचा, सगळ्यांचा.
दुसरा राजश्री पागधरेने मासळीच्या हिशेबापुरता
वेगळा मांडलेला, नाव बांगडा.
ते नाव ओळीच्या सुरुवातीला कंसात दिसायला हवं होतं.
दिसत नव्हतं.
तासभर मी भलत्याच घरात सामान उतरवत होते.

मुगभाटात आत्याकडे मासळीचा तवा निराळा,
गॅलरीत खिळ्याला टांगलेला.
एकदा मी पोळ्यांच्या तव्यावर मांदेली तळली.
आत्या तीन दिवस बोलली नाही.
मला वाटलं, काय हे सोवळं!
आज सिस्टीमच्या पायथनात नवा नमपाय ओतला
आणि भरती-ओहोटीचा प्रोग्राम, ज्याला मी हातही लावला नव्हता,
तो आडवा झाला.
मेल्विनला म्हटलं, तवा बाटला.
त्याला काही कळलं नाही.

मग बांगडा जागा करायला गेले.
तो म्हणे, दुभाषी सापडत नाही,
आणि ठावठिकाणा सांगतो: होम, राजश्री, मासळी.
ते मशीन केव्हाच भंगारात गेलं.
फोल्डर मात्र मीच पेनड्राइव्हवर घालून
जपून इथे आणला होता.

सात वाजता सातपाटीला फोन.
मागे कावळे. ती बोंबील वाळत घालत असावी.
"फोल्डर हलवलास ना?"
"हो."
"अगं, त्याच्या हाडात पत्ता कोरलेला असतो.
पूस. नवा बांध."
मी गप्प.
"पूस गं, त्यात माझं काही नाही. यादी हवी फक्त.
खणात बघ, बर्फाच्या पावत्यांत."

सापडली.
बारा लाद्या, रोख, सही.
पाठीमागे बॉलपेनने:
पायथन तीन नऊ.
नमपाय एक एकवीस.
पांडाज एक तीन, पुढचा नको.
"नको"खाली दोन रेघा, कागद फाटेस्तोवर.

नव्या मशीनचा नवा पायथन
या जुन्या पांडाजला दारातच उभा करेना.
म्हणून तीन नऊ शोधून आणला,
बांगडा पुसला
(एंटर दाबताना बोट थोडं रेंगाळलं, खोटं कशाला बोलू)
आणि नवं घर मांडलं. नाव ठेवलं मांदेली.
कंसात उमटलं.
एकेक पॅकेज उतरलं, पावतीवरच्या क्रमाने.

आलेख निघाला.
बोंबलाची रेघ गेल्या वर्षापेक्षा खाली.
मेल्विनने वहीशी ताडून पाहिली, मान हलवली,
प्रोग्रामची चूक असती तर बरं झालं असतं, म्हणाला.

यादी या वेळी फाइलीत लिहिली, तारखेसकट.
पावती परत खणात.
भरती-ओहोटीचा प्रोग्राम अजून पडलेलाच आहे.
खाली धक्क्यावर पाणी चढलंय,
होड्या दोऱ्यांना ओढ देतायत.