शंभरावी काडी

मार्च संपत आला, तरी नागाओकाच्या छपरांवर बर्फ.
रात्रीचे अकरा. टेबलावर
नाओच्या गणिताच्या शंभर काड्या
आणि शाळेची सूचना : प्रत्येक वस्तूवर नाव.
प्रत्येक.

मी मुंगीएवढ्या पट्ट्या छापून मागवल्यात,
धुतल्या तरी न निघणाऱ्या.
चिमट्यानं उचलतो, वाकडी बसते, पुटपुटतो.

आई हे पेनानं लिहायची,
दुकानातून येऊन, एप्रन न सोडता.
साठाव्या काडीपासून माझं नाव
पेंगत पेंगत कलंडायचं.
वर्गात मी आधी त्या तिरक्या काड्याच वेचायचो.

तिच्या आईच्या वेळी
काड्या नव्हत्याच.
पणजीनं सदऱ्याच्या छातीवर टाके घातले :
किनू, पत्ता, रक्तगट.
'हरवू नये म्हणून,' म्हणाली.
काय, ते नाही सांगितलं.

नव्व्याण्णव झाल्या.
नाओ पाणी प्यायला उठली ती इथेच रेंगाळली,
शेवटची काडी मुठीत घट्ट :
हिला नको नाव, बाबा.
कुणाची हरवली तर देता येईल.

उरलेली पट्टी माझ्या अंगठ्याला चिकटलीय.
निघत नाही.
उद्या ऑफिसात कुणीतरी विचारणार.