पाठीखालचा उजेड

शिट्टी पितळेची. दोरी तीनदा बदलली,
शिट्टी तीच.
ब्याऐंशी साली धरणगावच्या जत्रेत
नथ्थू वस्तादांनी माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाले,
हिलाल, गुडघा तर गेला तुझा.
डोळे आहेत ना?

तेव्हापासून दुसऱ्यांच्या पाठी बघतोय.

लोकांना वाटतं पंच उभा असतो.
पंच असतो पालथा.
गाल मातीला, श्वास आत,
कारण फुंकर सुटली तर माती डोळ्यात जाते
आणि नेमकी तेव्हाच कुस्ती होऊन जाते.
ताक, हळद, तेल पाजलेली माती,
चवीवरून गाव ओळखतो मी.
अमळनेरची आंबूस. चोपड्याची जरा खारी.
पारोळ्याकडे एकदा कुणी घाईघाईत
वीटभट्टीचीच आणून टाकली होती,
दोन दिवस थुंकत होतो.

खांदा आणि माती यांच्यात
एक फट असते.
तिच्यातून पलीकडचं दिसतं:
कुणाची तरी चप्पल, रेवड्यांची पाटी,
पेट्रोमॅक्सचा पांढरा तुकडा.
दिसतंय तोवर कुस्ती चालू.
दिसेनासं झालं की शिट्टी.
चाळीस वर्षांचं शास्त्र एवढंच.

मानधन म्हणजे नारळ, टोपी,
एसटीचं भाडं, तेही एका बाजूचं.
कलाबाई विचारायची, सदरा पांढराच कशाला?
म्हटलं, पंचाचा पांढराच असतो.
मग पंचानंच धुवावा, म्हणाली,
आणि बादली माझ्याकडे सरकवली.
एका गावी सरपंचाचा भाचा चीत दिला,
ती रात्र जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगात काढली.
सकाळी घरी आलो तर केसांत कापूस;
ती म्हणाली, एका रात्रीत म्हातारे झालात.

हे सगळं हसून सांगता येतं.
उखाचं येत नाही.

सत्त्याण्णव. बोरीचं कोरडं पात्र. शेवटची जोड.
समोर बाहेरचा मोठा मल्ल, चांदीची गदा त्याच्यासाठीच आणलेली,
आणि आपला उखा, दादरची भाकर खाऊन वाढलेला.
पाऊण तास खडाखडी.
मग एकदम उखा खाली, डफडं बंद,
आणि मी पालथा.
फटीतून मला एक लाल फुगा दिसत होता.
स्पष्ट. दोऱ्यासकट.
तरी शिट्टी वाजली.
गर्दीनं आधीच चीत म्हटलं होतं.
शिट्टी माझ्या तोंडात होती,
वारा त्यांचा होता.

उखा उठला. माती कपाळाला लावली.
माझ्याकडे बघितलं नाही.
किंवा बघितलं असेल,
मीच फुगा शोधत होतो.

परवा भेटला, धरणगावला, कापसाच्या काट्यावर.
काटा त्याच्याच ताब्यात.
पोट सुटलंय, कान तसेच, भज्यासारखे.
मी घरून घोकून आलेलं नव्हतं,
तरी तोंडातून सरळ निघालं:
उखा, त्या दिवशी उजेड होता रे.
बोट जाईल एवढा.

त्यानं पावती फाडली, पेन कानावर ठेवलं.
‘मना खांदा टेकेल व्हता, मास्तर.
माले समजनं व्हतं. तुम्ही बरोबर देखं.
इतला वरीस हाई वझं कसाले वाही ऱ्हायनात?’

चहा आला. बशीत ओतला. गार झाला.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो,
जसा खांद्याखाली बघतो तसा, श्वास रोखून.
खरं बोलतोय,
की पडलेल्या म्हाताऱ्याला हात देतोय?
फट दिसेना.
आणि दिसेना म्हणजे काय समजायचं,
हे मी जगाला सांगत आलो,
तिथे मात्र शिट्टीकडे हात जाईना.
फुगा खोटा, की उखा?

मागे ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.
उखा खिडकीतून वाकला:
‘थोडा सरका, मास्तर.
काटावर उभा शेतस तुम्ही.
तुम्हनं वजन येई ऱ्हायनं.’