शिफारस करणाऱ्याचा हुद्दा

इंद्रायणीनगरची खोली, रविवारी रात्रीचे साडेदहा.
लॅपटॉप तापतो म्हणून त्याच्याखाली स्टीलचं ताट,
ताटाखाली उशी, उशीखाली मी.
इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या मास्टर्सचा अर्ज.
आज फक्त निबंध संपवायचा, असं ठरवून
दुपारपासून तीनदा केस धुतले.

नेतृत्वाचा एक प्रसंग सांगा. पाचशे शब्द.

प्रसंग आहे. गेल्या मार्चचा, तिसऱ्या पाळीचा.
पहाटे तीनला टूलरूमचे बिरादार टेबलाशी आले, म्हणाले,
मॅडम, सात नंबर खोकतोय.
सात नंबर म्हणजे दीडशे टनांचा प्रेस.
मला खोकला ऐकू आला नाही.
अर्ध्या तासानं गेज लावलं तेव्हा
नऊशे ब्रॅकेटांत भोक दोन दशांश सरकलेलं,
दाराशी ट्रक, ड्रायव्हर घोंगडीत,
आणि चाकणला सहाची लाइन.
मी लाल कार्ड लावलं, सही केली,
प्लँट हेडना उठवून शिव्या खाल्ल्या.
तोवर बिरादारांनी डाय उघडून
पिन बदललीसुद्धा होती.

हे मी लिहिलं. मग अलका चौकाजवळच्या
समुपदेशक बाईंना दाखवलं, तासाचे बाराशे.
त्यांनी प्रत्येक 'वुई' खोडून 'आय' केला.
समितीला तुम्ही हव्यात, म्हणाल्या, गर्दी नको.

त्या 'वुई'चंही काही खरं नव्हतं म्हणा.
आम्ही म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहतो,
आपण म्हटलं की त्यालाही पाट मिळतो.
इंग्रजीत दोघांना एकच चप्पल.
बिरादार म्हणतात, सात नंबर आपला.
कंपनी मात्र, मॅडम, तुमची.

शिफारसपत्रं दोन हवीत.
एक निजसुरे सरांचं. त्यांना मी आठवले नाही,
पण ते प्रेमळ माणूस: तूच लिहून आण, मी सही करतो.
मी स्वतःला 'असामान्य' म्हटलं,
लाज वाटली, खोडलं,
'वरच्या पाच टक्क्यांत' असं लिहिलं.
गणेशखिंडीत विद्यापीठाच्या खिडकीवर
त्याच पाच टक्क्यांच्या गुणपत्रिका बंद पाकिटात मिळायला
सतरा दिवस आणि चार फेऱ्या.

दुसऱ्याचा रकाना रिकामा आहे.
नाव. हुद्दा. संस्थेचा ईमेल.
खाली लाल अक्षरांत: व्यक्तिगत ईमेल ग्राह्य नाही.
बिरादारांकडे कुठलाच नाही.
एक फोन आहे, रबरबँड लावलेला,
त्यावर उदगीरहून नातीचे आवाज येतात.

शुक्रवारी पाळी सुटताना मी विचारलंच:
समजा कुणी विचारलं, तर माझ्याबद्दल काय सांगाल?
त्यांनी चिंधीला हात पुसले, बोट न् बोट,
जणू मी टॉलरन्स विचारला होता.
ऐकून घेता, म्हणाले.
मग प्रेसकडे बघत,
पण जरा उशिरा.

तिथं शिकून काय होतं माणूस, त्यांनी विचारलं.
मॅनेजर, मी म्हणाले.
म्हणजे रातपाळी सुटली तुमची!
इतके खूश झाले की
मला पुढचं काही सांगता आलं नाही,
फीचं नाही, कर्जाचं नाही,
दोन वर्षांनी मी कुठे असेन ते तर नाहीच.

दुसऱ्या रकान्यात मी प्लँट हेडचं नाव टाकते.
शिव्या देणारा माणूस, पण ईमेल कंपनीचा.

शेवटचा प्रश्न ऐच्छिक आहे:
तुमची एक उणीव. मर्यादा शंभर शब्द.
बाई म्हणाल्या होत्या, सोडून द्या,
किंवा लिहा, मी फार परिपूर्णतावादी आहे.
मी लिहिते, ऐकून घेते, पण उशिरा.
कोपऱ्यातला आकडा सांगतो, शहाण्णव शिल्लक.

पावणेअकरा. तिकडे टी ब्लॉकमध्ये आत्ता
लोक डबे घेऊन आत शिरत असतील.
मी पंखा बंद करून बघते.
इथून काय ऐकू येणार.
तरी बघते.