अकरा किलोमीटर

दिल्ली ते हैदराबाद,
सुकेशनी फोनवर सांगे, साडेबाराशे किलोमीटर.
इमानानं सव्वादोन तास.
म्या म्हटलं, आर्वीले एस्टीनं
एकोणीस किलोमीटरले पाऊण तास लागते,
अन् फाट्यावर ड्रायव्हर चहा पेते तो येगळा.

मंग ते म्हणे, बाबा, गुरुवारी रात्री
आठ चाळीसले मी तुमच्या डोक्यावरून जाईन,
अकरा किलोमीटर वरून.

गुरुवारी म्या पंप लवकर बंद केला.
पाण्याच्या टाकीवर चढलो. एक्केचाळीस पायऱ्या.
सत्ताविसाव्या पायरीवर गुडघा बोल्ला.
खाली गुणवंताच्या गोठ्यातला बल्ब,
शाळेमागं पऱ्हाट्यांचा ढीग,
बाकी अंधार.

आठ बेचाळीस.
निंबावरून एक लाल ठिपका निंघाला, लुकलुकत.
आवाज मांगं रायला.
निंबापासून तळ्यापर्यंत
त्याले चार मिनिटं बी नाही लागले.
म्या बॅटरी तीन डाव लावली, तीन डाव इझवली.
चौथ्या डावाले सेल गेले.

सकाळी फोन आला.
बाबा, मले मधातली सीट भेटली होती,
खिडकीपाशी एक बुवा घोरे.
मलेबी झोप लागली.

बरं झालं, म्या म्हटलं. थकली असशीन.

मंग पंपघराच्या भिताडावर,
जिथं मी मोटरचे तास लिवतो,
खडूनं लिवलं :
गुरुवार. सुकेशनी. अकरा किलोमीटर.
दोन वर्सांत एवढी जवळ नव्हती आली.
आर्वीपेक्षा आठ किलोमीटर कमी.
मोटर : साडेतीन तास.