येथे थुंकू नये

सातपूरच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी फळं चाखली.
फळं म्हणजे फळांचे अर्क,
साखरपाण्यात थेंबभर.
जिभेवर घोळवायचं, सातपर्यंत मोजायचं,
मग डावा पाय पेडलवर, झाकण वर,
आणि तस्तात थुंकायचं.
गिळलं की जीभ बाजू घ्यायला लागते,
ब्राह्मणकर सर म्हणायचे.

आज निरोप होता. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ
सकाळीच उरकलं.
संध्याकाळी पोरं म्हणाली, मॅडम, आता आमच्या पद्धतीने,
आणि गंगापूर रोडला घेऊन आली,
द्राक्षबाग मोडून बांधलेल्या त्या बेल्जियन ब्रूपबमध्ये.
काचेमागे तांब्याची दोन पिंपं,
लग्नघरातल्या बंबांसारखी घासलेली.
लाकडी फळीवर सहा ग्लास,
बाळाला औषध पाजायचं त्या मापाचे.
कापडणीसने फळी माझ्याकडे सरकवली:
घ्या परीक्षा.

पीच. ठीक.
सफरचंद, पातळ, घाईघाईत उरकलेलं.
चेरीला मात्र मी मान दिला.
बियांसकट भिजवली होती,
घशाशी कडू बदाम येऊन थांबला.
थांबला आणि खाली गेला.
मी गिळलं होतं.
टेबलाखाली डावा पाय पेडल शोधत होता.

चौथा रासबेरी.
रासबेरी मी कधी पाहिलेली नाही.
शाळेबाहेर गोळ्यावर ओतायचे ते लाल पाणी,
तीच आमची रासबेरी.
अठ्ठ्याण्णव साली मला तिचा अर्क करायला सांगितला,
तेव्हा मी अंदाजाने त्यात
चुरडलेल्या पानाचा एक थेंब घातला होता,
फळ झाडावरून तोडताना
बोटांना पानही लागत असेल, म्हणून.
नमुना क्रमांक चारशे सतरा.
तो थेंब दुसरं कोणी घालत नाही.

आणि तो इथे होता. फेसाखाली. स्पष्ट.

मालक योरिस टेबलाशी आला,
तुटक्या हिंदीत म्हणाला, ये हमारे गाँव का स्वाद,
कुंपणावर उगवते तिथे, लहानपणी खायचो.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
सिरप त्याला अँटवर्पहून येतं,
अँटवर्पला कुठून येतं ते मला माहीत आहे:
निळी पिंपं, न्हावाशेवा, बिलावर माझी सही.
कापडणीसनेही ओळखलं. माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, छान आहे हो तुमचं गाव.

पाचवा कसला होता, आठवत नाही.

सहावा फळ्यावर खडूने लिहिलेला: करवंद.
इथे मी चष्मा काढला.
करवंदावर माझे आठ उन्हाळे गेलेत.
आंबट जमलं, गोड जमलं,
ओठाला ओठ चिकटवणारा तो चीक जमला नाही.
शेवटी फाइल बंद, शेरा: बाजारात मागणी नाही.

घोट घेतला. एक. दोन. तीन.
सातपर्यंत पोचलेच नाही,
ओठ चिकटले.

कुणी आणली ही? विचारलं.
पिंपं धुणाऱ्या पोराला पुढे केलं,
तुळशीराम गावित, सुरगाण्याकडचा, हात ओले.
मावशीने पाठवली, म्हणाला, दोन पाट्या, बाऱ्ह्याच्या एसटीत.
कंडक्टरने पाट्यांचंपण तिकीट फाडलं.
मी म्हटलं, कोंबडा होता की कोंबडी?
तो हसला, पहिल्यांदाच मान वर करून:
पिंपात गेल्यावर कोण बघतंय, मॅडम,
पण मी रात्री सोलताना बरीच खाल्ली.
कोंबडेच जास्त.

फळी रिकामी झाली.
पोरं बिलावरून भांडायला लागली.
मी आणखी एक मागवला, मोठ्या ग्लासात,
आणि पाय खुर्चीवर वर घेऊन बसले.