उरलेसुरले

मंडळी, पॅनकेक खाता खाता ऐका.
अग्निशामक दलाच्या या न्याहारीला
दरवर्षी आम्हीच गातो,
कारण आम्ही पैसे घेत नाही
आणि दुसरं कोणी येत नाही.

आमचं बार्बरशॉप क्वार्टेट.
चौघांचे मिळून केस
एका डोक्याला पुरतील इतके,
त्यातले निम्मे एमेटच्या कानांत.
गावातला न्हावी दुकान विकून ॲरिझोनाला गेला.
आमच्यामुळे नाही, असं तो म्हणतो.
तेव्हापासून तालीम लाँड्रीत, दर मंगळवारी.
सात नंबरचा ड्रायर घुमतो, तो आमचा षड्ज.
पाव डॉलरात बारा मिनिटं.

हा लव्हर्न स्कोगस्टाड. प्लंबर.
दारातून आडवा होऊन आत येतो,
आणि एवढ्या देहातून निघते सुई.
वरचा सूर लावताना टाचा उचलतो,
जणू सूर फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलाय.
फोनवर गिऱ्हाईक म्हणतं, "बाई, जरा नवऱ्याला द्या."
तो देतो.
घसा खाकरून, आवाज जाड करून
स्वतःच बोलतो.

हा एमेट क्रुचको, वाचनालयातला.
वारा सुटला की बायको त्याच्या खिशात
चिल्लर भरून पाठवते.
पण खर्ज त्याचाच.
तो "शांतता राखा" म्हणाला
की खिडक्यांच्या काचा बोलायला लागतात.

मधला, चकाकणारा, ड्वेन पेलटियर.
दातांचा डॉक्टर. आ वासलेली माणसं
उलट बोलत नाहीत, त्यामुळे त्याला वाटतं
सगळं जग आपल्याशी सहमत आहे.
चाल त्याची, शब्द त्याचे, टाळ्याही त्याच्याच.
दुसरं कडवं विसरला
की डोळे मिटून हात छातीवर ठेवतो.
गेल्या वर्षी तीन बायका रडल्या.
त्या ओळीत नुसतं ला-ला होतं.

आणि मी ऑरिन. धान्याच्या कोठारावर हिशेब लिहितो.
बॅरिटोन.
म्हणजे काय, हे बायकोने
एकोणीस वर्षांत तीनदा विचारलंय.
चाल ड्वेनने घेतली, वरचं लव्हर्नने,
खालचं एमेटने,
पातेल्यात उरलंसुरलं ते माझं.
कधी चालीच्या वर, कधी खाली,
जिथे जागा मिळेल तिथे टेकायचं.
घरी एकटा गायलो तर कुत्रा उठून जातो,
नाराज होऊन नाही, काळजीने.

जाकिटंही तशीच. आइस्क्रीमच्या दुकानाचं
पट्ट्यापट्ट्यांचं छत फाटलं, त्यातून ड्वेनच्या बायकोने शिवली.
माझ्यापाशी येईतो कापड संपलं.
पाठ चादरीची आहे.
म्हणून मी वळत नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही तिसरे आलो.
(चौथे बर्फात अडकले होते.)

फेब्रुवारीत मला मुतखडा झाला.
एका मंगळवारी तिघंच गायले.
ड्वेन म्हणाला, काही फरक पडला नाही.
लव्हर्न म्हणाला, पुढचा दात पडल्यासारखं वाटलं.
ड्वेनने लगेच त्याला आ करायला लावलं.

पुढच्या मंगळवारी मी परतलो.
शेवटचा स्वर लागला, आणि चादरींच्या घड्या
घालणारी बाई थांबली.
"पाचवा कोण गातोय?"

आम्हीही ऐकलं.
लव्हर्नच्याही वर, बारीक, लखलखीत,
कोणाच्याच गळ्यातला नव्हे.
एमेटने नंतर सांगितलं:
चार सूर काट्यावर नेमके बसले
की पाचवा आपण होऊन येतो.
तेव्हा मात्र कोणी बोललं नाही.
छातीत होता नव्हता तेवढा श्वास खर्चून
आम्ही त्याला धरून ठेवलं.

मग पाव डॉलर संपला.
ड्रायर थांबला.
कपडे ओलेच होते.

असो. ते सिरप इकडे सरकवा.
लव्हर्न, टाचा.
ड्वेन, निदान पहिला शब्द.
आणि मागच्या टेबलावरच्या बाई,
तुम्ही नीट मोजा.